ताजी मासळी घरी कशी शिजवतात? आधी मासा, मग मसाला

कोकणात दुपारच्या जेवणात काय असणार, हे पुष्कळदा सकाळी होडी किनाऱ्याला लागल्यावरच ठरते. आज जाळ्यात बांगडा आला की पापलेट, तारली आली की बोंबील, यावर घरातला बेत अवलंबून असतो. म्हणूनच पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि पुढे गोव्यातही मासे शिजवण्याची एकच अशी पद्धत नाही. सुरमईला जे शोभते ते बांगड्याला शोभत नाही, आणि बोंबलाला जे लागते ते पापलेटला लागत नाही.

शहरात मात्र उलटे होते. एकच तयार मसाला सगळ्या माशांना लावला जातो आणि मग पापलेटची चव मसाल्याखाली हरवते किंवा बांगड्याचा वास घरभर राहतो. मासा तेलकट आहे की पाणीदार, घट्ट आहे की नाजूक, काटेरी आहे की मांसल, हे पाहून पद्धत निवडली तर अगदी थोड्या साहित्यातही मासा उत्तम होतो. या लेखात किनाऱ्यावरच्या घरांत रुळलेल्या प्रमुख पद्धती, त्यामागची कारणे आणि मासळी हाताळताना घ्यायची काळजी समजून घेऊ.

ताजा मासा ओळखायचा कसा?

ताज्या माशाचे डोळे चकचकीत आणि फुगीर असतात. शिळ्या माशाचे डोळे धुरकट होऊन आत जातात. कल्ले उघडून पाहिले तर ते लालभडक दिसायला हवेत, तपकिरी किंवा राखाडी नकोत. बोटाने दाबल्यावर मांस लगेच वर यायला हवे. खड्डा तसाच राहिला तर मासा जुना आहे. ताज्या माशाला समुद्राच्या पाण्याचा हलका वास येतो. ज्याला आपण ‘माशाचा वास’ म्हणतो, तो बऱ्याच अंशी नंतर तयार झालेला असतो.

त्याचे कारण असे. समुद्री माशांच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा वासरहित पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइनमध्ये रूपांतर करतात आणि तोच तो उग्र वास. हा पदार्थ अल्कधर्मी असल्याने आंबटाशी त्याचा संयोग झाला की वास कमी होतो. कोकम, चिंच, लिंबू, कैरी, बिंबले यांपैकी काहीतरी जवळजवळ प्रत्येक कालवणात का असते, याचे एक उत्तर इथे आहे.

अगदी नुकताच पकडलेला मासा लगेच तव्यावर टाकला तर तो कधीकधी आखडतो, तुकडी वाकडी होते. मेल्यानंतर काही तास माशाचे स्नायू ताठर होतात आणि मग पुन्हा सैल पडतात. म्हणून होडीवरून थेट आणलेला मासा साफ करून थोडा वेळ बर्फात ठेवला तरी बिघडत नाही, उलट तळायला सोपा जातो. लगेच तळायचाच असेल तर दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा पाडतात.

घरी आणल्यावर पहिला अर्धा तास

माशाची खरी नासाडी स्वयंपाकात नव्हे, बाजार ते घर या प्रवासात होते. मासे घेतल्यावर इतर भाजीबाजार करत फिरणे टाळावे. लांब जायचे असेल तर बर्फ मागून घ्यावा. घरी आल्यावर शिजवायला वेळ असेल तर मासे साफ करून ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ठेवावेत.

बांगडा, तारली, कुपा यांसारख्या माशांबाबत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. त्यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा गरमीत पडून राहिला तर जिवाणू त्यापासून हिस्टामाइन बनवतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून एक-दोन तासांत चेहरा लाल होणे, अंगाला खाज सुटणे, डोके दुखणे, मळमळणे असा त्रास होऊ शकतो. पुष्कळांना ती माशाची ॲलर्जी वाटते. हिस्टामाइन शिजवल्याने किंवा तळल्याने नष्ट होत नाही. त्यामुळे ‘चांगला उकळला की चालतो’ हा समज इथे उपयोगाचा नाही. सुरुवातीपासूनची थंडी हाच उपाय आहे. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा लक्षणे वाढली तर तातडीने डॉक्टरकडे जावे.

साफ करताना खवले, कल्ले आणि पोटातली घाण काढतात. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही, कारण ती फुटली तर मांस कडू होते. मासा अख्खा असतानाच नीट धुवून घ्यावा. तुकड्या केल्यावर पुन्हा पुन्हा चोळून धुतल्याने चव पाण्याबरोबर जाते. मग मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ किंवा लिंबाचा रस लावून १५ ते २० मिनिटे ठेवतात. आंबट लावून मासा रात्रभर ठेवू नये. आंबटामुळे मांस पांढरे पडून भुसभुशीत होते.

मासा इतका लवकर का शिजतो?

मटण शिजायला तास लागतो, मासा दहा मिनिटांत होतो. माशाचे स्नायू आखूड पदरांचे असतात आणि त्या पदरांना बांधून ठेवणारा भाग फार पातळ असतो. तो कमी उष्णतेतच विरघळतो. म्हणून जास्त वेळ शिजवल्याने मासा मऊ होत नाही. तो कोरडा पडतो आणि रश्शात त्याचा चुरा होतो.

मांस पारदर्शक दिसेनासे होऊन पांढरे झाले आणि चमच्याने दाबल्यावर पदर सुटू लागले की मासा शिजला. म्हणूनच कालवणात वाटण आधी पूर्ण शिजवतात आणि मासा सगळ्यात शेवटी सोडतात. त्यानंतर पळी घालून ढवळत नाहीत. भांडे दोन्ही हातांनी धरून गोल हलवतात.

तव्यावरची तुकडी

सुरमई, हलवा, पापलेट आणि रावस हे तळण्यासाठीचे आवडते मासे. यांचे मांस घट्ट असते, काटे मोठे आणि सहज काढता येण्यासारखे असतात. मीठ, हळद, आंबट मुरल्यावर तिखट आणि आले-लसणाची गोळी एवढेच पुरते. सुरमईची अर्ध्या इंचाची तुकडी मध्यम आचेवर एका बाजूने तीन ते चार मिनिटे ठेवावी आणि एकदाच उलटावी. कवच धरण्याआधी कालथा घातला तर ती तव्यालाच चिकटते.

तळण्याआधी तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवण्याचे कारण केवळ कुरकुरीतपणा नाही. पीठ पृष्ठभागावरचे पाणी शोषून घेते, त्यामुळे तेल उडत नाही आणि मासा तव्याला धरत नाही. तांदळाच्या पिठाचा थर पातळ आणि खमंग होतो, रव्याचा जाड आणि दाणेदार.

बोंबलाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या अंगात पाण्याचे प्रमाण इतके असते की तसाच तळला तर तव्यावर पाणी सुटून त्याचा लगदा होतो. म्हणून तो पोटाकडून उभा चिरून मधला काटा काढतात, सपाट उघडतात आणि दोन पाटांमध्ये ठेवून वर वजन ठेवतात. तासाभरात बरेचसे पाणी निघून जाते. मग तिखट-मीठ लावून रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तळला की वरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा होतो.

मांदेलीसारखी बारीक मासळी डोके काढून अख्खीच तळतात. कडक तळल्यावर तिचे काटेही चावून खाता येतात.

गोव्यात बांगडा तळायचा तर रेशाद मसाला आठवतो. लाल मिरच्या, लसूण, मिरी, जिरे आणि व्हिनेगर यांचे ते घट्ट वाटण असते. बांगड्याला पाठीकडून चीर देऊन ते आत भरतात. नावाचे मूळ पोर्तुगीज असून त्याचा अर्थच ‘भरलेले’ असा आहे. बांगडा तेलकट आणि उग्र चवीचा असल्याने हा झणझणीत, आंबट मसाला त्याला पेलतो. पापलेटमध्ये भरायला मात्र ओले खोबरे, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लिंबू यांची हिरवी चटणी अधिक शोभते.

ओल्या नारळाचे कालवण

दक्षिण कोकण आणि गोव्यात रोजच्या भाताबरोबरचे कालवण ओल्या नारळाच्या वाटणाचे असते. गोव्यात त्याला हुमण म्हणतात. चार माणसांसाठी अर्धा किलो मासळीचे साधारण प्रमाण असे:

– ओले खोबरे १ वाटी
– बेडगी मिरच्या ६ ते ८, भिजवलेल्या
– धणे १ चमचा, मिरी ४ ते ५ दाणे, हळद अर्धा चमचा
– लहान कांदा अर्धा
– आमसुले ४ ते ५
– मीठ चवीपुरते

खोबरे, मिरच्या, धणे, मिरी, हळद आणि कांदा यांचे अगदी बारीक, गंधासारखे वाटण करावे. ते पाण्यात सैल करून मध्यम आचेवर एक उकळी येईपर्यंत शिजवावे. आमसुले आणि मीठ घालून माशाच्या तुकड्या सोडाव्यात आणि मंद आचेवर सात-आठ मिनिटांत भांडे उतरवावे. जोरात, खूप वेळ उकळले तर नारळाचा रस फुटतो आणि रश्शावर चोथा दिसतो.

बांगडा, तारली, पेडवे यांच्या कालवणात कांद्याऐवजी तिरफळे घालतात. तिरफळाच्या आतली काळी बी टाकून द्यायची, साल हलकी ठेचून रश्शात सोडायची. तिचा झिणझिण्या आणणारा वास तेलकट माशांच्या उग्रपणाला आवर घालतो. पापलेट किंवा सुरमईसारख्या सौम्य माशांत सहसा तिरफळ घालत नाहीत, कारण तिथे आवर घालण्यासारखे काही नसते.

गोव्याची उडदमेथी याच कुळातली. थोडी उडीद डाळ आणि मेथीचे मोजके दाणे तेलात परतून नारळाबरोबर वाटतात. त्या किंचित कडवट, खमंग रश्शात बांगडा छान लागतो. मेथीचे दाणे जास्त झाले तर मात्र सगळे कालवण कडू होते.

नारळाशिवायचे तिखट प्रकार

मालवणी घरांतले तिखले हे बांगडा आणि पेडव्यांसाठी. मिरचीचे वाटण, हळद, तिरफळे, चिंच किंवा कोकम, मीठ आणि थोडे खोबरेल तेल एवढ्यावर मासा अंगापुरत्या पाण्यात शिजवतात. नारळ नसल्याने ते लवकर खराब होत नाही. आंबट-तिखट मुरल्यामुळे दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर अधिक चवदार लागते. तरीही आजच्या उकाड्यात ते रात्री फ्रिजमध्येच ठेवावे.

कोळीवाड्यांतल्या कालवणात ठेचलेल्या लसणाची फोडणी, घरचा कोळी मसाला आणि चिंचेचा कोळ यांवर भर असतो. रस्सा घट्ट करायचा तर तांदळाचे पीठ पाण्यात कालवून लावतात. ताज्या बोंबलाचे असे कालवण करताना पाणी अगदी कमी घालतात, कारण बोंबील स्वतःच पाणी सोडतो.

उत्तर कोकणातल्या सीकेपी, पाठारे प्रभू आणि वाडवळी घरांत भुजणे करतात. यात फोडणीही नसते आणि परतणेही नाही. बारीक चिरलेला भरपूर कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, तिखट, मीठ आणि तेल हे सगळे हाताने चुरून घेतात. त्यात पापलेट किंवा बोंबील ठेवून, अगदी थोडे पाणी घालून झाकण लावून मंद आचेवर शिजवतात. कांद्याला सुटलेल्या रसातच मासा शिजतो. मासा ताजा नसेल तर या पदार्थात ते लपत नाही. भुजणे ही म्हणूनच मासळीची परीक्षा समजावी.

पानात आणि निखाऱ्यावर

तेल कमी वापरायचे असेल तर केळीचे पान उपयोगी पडते. पान विस्तवावर हलके फिरवले की ते मऊ होते आणि घडी घालताना फाटत नाही. हिरवी चटणी लावलेले पापलेट किंवा तिखट-मीठ लावलेला बांगडा त्यात गुंडाळून तव्यावर झाकण ठेवून, मोदकपात्रात वाफेवर किंवा निखाऱ्यावर ठेवतात. पान ओलावा आत धरून ठेवते, त्यामुळे मासा कोरडा होत नाही.

बांगडा आणि तारली यांना पानाचीही गरज नसते. त्यांच्या अंगातच तेल असते. मीठ आणि हळद लावून थेट निखाऱ्यावर भाजले तरी ते रसाळ राहतात. वरून लिंबू पिळायचे, बाजूला कांदा आणि भाकरी.

गोड्या पाण्यातले मासे

सगळा महाराष्ट्र काही किनाऱ्यावर नाही. उजनी जलाशयाच्या काठी भिगवण आणि इंदापूर परिसर मासळीसाठी ओळखला जातो. तिथे चिलापी, रोहू, कटला, मरळ हे मासे मिळतात. मरळ हवेतूनही श्वास घेऊ शकतो, त्यामुळे बाजारात तो जिवंत विकायला ठेवलेला दिसतो.

तलावातल्या माशांना कधीकधी चिखलाचा वास येतो. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांपासून तयार होणारा जिओस्मिन हा पदार्थ त्याला कारणीभूत असतो. पहिल्या पावसानंतरच्या मातीचा सुवासही याच पदार्थाचा. आंबट लावल्याने तो कमी होतो. म्हणून रोहू-कटल्याला मीठ-हळदीबरोबर लिंबू किंवा चिंच लावून ठेवावे. पुढे देशावरचा भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ आणि कांदा-लसूण मसाला यांचा झणझणीत रस्सा या माशांना चांगला जुळतो.

एक मासा, सगळे घर

ताजा मासा घरात आला की त्याचे वाटे ठरलेले असतात. मधल्या तुकड्या तळायला, डोके आणि शेपटी कालवणाला. डोक्याच्या हाडांतून आणि चरबीतून रश्शाला दाटपणा आणि चव येते. गाबोळी मिळाली तर ती मीठ-मसाला लावून मंद आचेवर वेगळी परततात. एक मध्यम सुरमई अशा रीतीने चार-पाच माणसांना दोन पदार्थांसह पुरते.

लहान मुले आणि वयस्कर माणसे जेवायला असतील तर काट्यांचा विचार आधी करावा. सुरमई, हलवा, पापलेट, रावस आणि मुडदुसा हे त्यांच्यासाठी सोयीचे. करली आणि पाला चवीला सरस, पण बारीक काट्यांनी भरलेले असतात. करली तळताना जवळजवळ, बारीक चिरा पाडल्या की काटे तुटतात आणि कडक तळणात कमी जाणवतात, तरीही ती लहान मुलांच्या ताटात न वाढलेलीच बरी. मुलांसाठी भातात मासा कालवताना बोटांनी कुस्करूनच पाहावे. चमच्याला काटा कळत नाही.

घशात काटा अडकला तर भाताचा कोरडा गोळा किंवा केळे गिळायला सांगण्याची सवय घराघरात आहे. त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. दुखणे थांबत नसेल, गिळता येत नसेल किंवा थुंकीत रक्त दिसत असेल तर घरगुती प्रयोग न करता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे.

ताजी मासळी कधी मिळत नाही?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा अनेक माशांच्या प्रजननाचा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत कोकणी घरे सुका जवळा, सुके बोंबील आणि खारा बांगडा यांवर भागवतात किंवा खाडीची मासळी खातात. श्रावणात येणाऱ्या नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो आणि नव्या हंगामाची चाहूल लागते.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ प्रकारच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. कारण सरळ आहे. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला गेला की पुढची पिढीच थांबते. तळहाताएवढ्याही नसलेल्या पापलेटचा वाटा स्वस्त पडतो, पण त्यात मांस कमी आणि काटेच जास्त. घरातल्या माणसाने असा वाटा नाकारून त्या दिवशी बांगडा किंवा तारली घेतली, तर स्वयंपाकाचे काही बिघडत नाही. या दोन्ही मासळी स्वस्त असतात आणि ओमेगा-३ स्निग्धाम्लांनी समृद्धही.

थोडक्यात: कोणता मासा, कोणती पद्धत?

– सुरमई, हलवा, रावस: तुकड्या तव्यावर, डोके नारळाच्या कालवणात.
– पापलेट: हिरवी चटणी भरून, केळीच्या पानात किंवा भुजणे.
– बांगडा: तिरफळाचे कालवण, तिखले, उडदमेथी, रेशाद किंवा निखाऱ्यावर.
– तारली, पेडवे: तिखले किंवा भाजून.
– बोंबील: दाबून तळलेले, कमी पाण्याचे कालवण किंवा भुजणे.
– मांदेली: अख्खी, कडक तळून.
– रोहू, कटला, मरळ: आंबट लावून, भाजलेल्या वाटणाच्या रश्शात.

बाजारात ठरवून गेलेला मासा चांगला नसेल तर दुसरा घ्यावा आणि बेत बदलावा. किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या हेच होत आले आहे. टोपलीत जे ताजे असेल, त्याला साजेसे वाटण पाट्यावर जाते.